आऊटबोर्ड इंजिन खाडीत मधूनच दम सोडतं, तेव्हा शोध कुठून सुरू करायचा

ठाणे खाडीत दिवाळ्याच्या किंवा ऐरोलीच्या जेट्टीवरून होडी निघाली तेव्हा मशीन, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवलेलं आऊटबोर्ड इंजिन, खणखणीत चालत होतं. पंधराव्या मिनिटाला आवाज बसला, वेग अर्ध्यावर आला. दोन मिनिटं पुन्हा सुरळीत, मग पुन्हा तेच. किनाऱ्यावर आणून मेकॅनिकसमोर लावलं की पहिल्या दोरीला चालू आणि काही तक्रार नाही. नव्या माणसाचे सर्वांत जास्त पैसे या येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडात जातात. आधी प्लग बदलले जातात, मग कॉइल, मग कार्ब्युरेटर, आणि शेवटी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद होता असं निघतं.

म्हणून स्पॅनर उचलण्याआधी ताकद नेमकी कशी जाते ते पाहायचं. ती जाण्याच्या तऱ्हेवरूनच निम्मा शोध लागतो. पुढचं सगळं छोट्या आणि मध्यम पेट्रोल आऊटबोर्डसाठी आहे, म्हणजे सुटी टाकी, रबरी पाइप आणि मधे हाताने दाबायचा बल्ब अशी मांडणी असलेल्या मशीनसाठी. टू-स्ट्रोक असो वा फोर-स्ट्रोक, शोधाची वाट सारखीच.

आधी होडी सांभाळा

मशीन बंद पडलं की माणूस लगेच कव्हर उघडून आत डोकं घालतो. तेवढ्या वेळात ओढ होडीला पुलाच्या खांबावर नेते. उधाणाच्या दिवसांत या खाडीत भरती-सुकतीतला फरक चार मीटरच्या वर जातो आणि वाशी-ऐरोलीच्या पुलांखाली पाणी जोरात खेचतं. मशीन दगा देऊ लागलं की आधी नांगर टाका, मग कव्हर उघडा. लाइफ जॅकेट अंगावरच असू द्या. दोन वल्ही होडीत नसतील तर संशयाचं मशीन घेऊन निघूच नका.

सुकतीला चिखलावर होडी बसली तर उतरून ढकलायला जाऊ नका. इथला गाळ मांडीपर्यंत आत घेतो. पुढच्या भरतीची वाट पाहणं कंटाळवाणं असलं तरी तेच बरोबर. खरंच अडचण आली तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आणि आणीबाणीचा ११२ हे दोन्ही फोनमध्ये आधीच भरून ठेवा.

ताकद कशी जाते?

इंजिन हळूहळू, चार-पाच सेकंदांत खाली येत असेल, तहान लागल्यासारखं घुटमळत असेल आणि रेस कमी केल्यावर सावरत असेल, तर पेट्रोल पुरेसं पोचत नाही. या खाडीत हाच प्रकार सगळ्यांत जास्त भेटतो.

दिव्याचं बटण बंद करावं तसं एका क्षणात गप्प होत असेल, तर ठिणगी गेली. किल स्विच (दोरी ओढली गेली की इंजिन बंद करणारा), सैल वायर, कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) यांच्याकडे पाहा.

बझर वाजला आणि रेस एका पातळीवर अडकून बसली, थ्रॉटल कितीही पिळला तरी वर जात नाही, तर मशीनने स्वतःला वाचवण्यासाठी वेग कापला आहे. बऱ्याच मॉडेलमध्ये इंजिन तापलं किंवा ऑइल कमी झालं की असं होतं. अशा वेळी रेस मारत राहणं म्हणजे पिस्टन चिकटण्याला आमंत्रण.

आवाज चढतो पण होडी पुढे सरकत नाही, तर इंजिनात काही बिघडलेलं नाही. खाली पंख्याकडे (प्रोपेलरकडे) बघा.

आणि मशीन बंद पडत नाही, पण थरथरतं, मिसिंग करतं, ताकद कायम अर्धी, तर एखादा सिलिंडर काम सोडतो आहे.

शक्य असेल तेव्हा दोघं जण जा. एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने इंजिनाजवळ बसून पाहायचं आणि वेळ टिपायची. किती मिनिटांनी झालं, कुठल्या रेसवर झालं, इंजिनाच्या मागून पडणारी थंडाव्याच्या पाण्याची पिचकारी चालू होती का, एवढं तरी लिहून ठेवा.

बल्बची परीक्षा

सगळ्या तपासण्यांत ही एक अशी की फुकट होते आणि सर्वांत जास्त सांगते. ताकद जाऊ लागली, त्याच क्षणी जोडीदाराने पाइपमधला बल्ब सावकाश दाबत राहायचा. सुकाणूवरच्या माणसाने हे करू नये.

दाबल्यावर मशीन लगेच सावरलं, तर पेट्रोल ओढण्याच्या वाटेवर दोष आहे: इंजिनावरचा फ्युएल पंप, कुठूनतरी आत शिरणारी हवा, किंवा तुंबलेला फिल्टर.

बल्ब आधीच आत ओढला जाऊन चपटा झालेला दिसला, तर अडथळा बल्बच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. हवेचा स्क्रू बंद आहे, टाकीतली जाळी भरली आहे किंवा पाइप कुठेतरी मुडपला आहे.

बल्ब लिबलिबीत आहे आणि कितीही दाबला तरी टणक होत नाही, तर पाइपमध्ये हवा शिरते आहे किंवा बल्बमधली झडप गेली आहे. इथे एक चूक नेहमी होते. बल्ब दाबताना त्यावरचा बाण इंजिनाकडे आणि बाणाचं टोक वर असं उभं धरावं लागतं. आडवा धरला तर चांगला बल्बही नीट भरत नाही.

दाबून काहीच फरक पडला नाही, तर पेट्रोल सोडून ठिणगी, तापमान आणि पंख्याकडे वळा.

याला जोडूनच दुसरी परीक्षा. ताकद जाताना चोक थोडासा ओढून पाहा. मशीन सुधारलं तर त्याला पेट्रोल कमी पडतंय. आणखी बिघडलं तर पेट्रोलचा तुटवडा नाही.

टाकीपासून इंजिनकडे, एकेक करत

सुरुवात टाकीच्या झाकणापासून करा. हवेचा स्क्रू दोन-तीन फेरे पूर्ण उघडा. इंजिन पेट्रोल ओढतं तेवढी हवा टाकीत यायला हवी. आली नाही तर टाकीत पोकळी तयार होते आणि दहा-पंधरा मिनिटांत पुरवठा आटतो. मशीन दगा देतं त्याच वेळी झाकण सैल करा. ‘फुस्स’ आवाज आला आणि मशीन सावरलं, तर चोर सापडला. मिठाने हा स्क्रू वरून उघडा दिसतो, पण आतली भोकं बुजलेली असतात. गोड्या पाण्यात भिजवून आणि फुंकून मोकळा करा. होडीत बसवलेली पक्की टाकी असेल तर तिच्या हवेच्या नळीचं बाहेरचं तोंड तपासा. होडी महिनाभर उभी असली की कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधते.

मग पाइप. तो पायाखाली, बर्फाच्या पेटीखाली किंवा जाळ्याच्या ढिगाखाली दबलेला नाही ना? जुना पाइप बाहेरून चांगला दिसतो, पण आतलं अस्तर सुटून झडपेसारखं मिटतं. कमी रेसवर पेट्रोल जातं, पूर्ण रेसवर वाट बंद. चिरा दिसल्या, बोटांना कडक लागला किंवा चिकट झाला तर दुरुस्तीच्या फंदात न पडता पाइप बल्बसकट बदला.

जोडणीच्या क्लिपा हा त्याहून बारीक मामला. ओढणाऱ्या बाजूची गळती पेट्रोल टपकून दिसत नाही, कारण पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. बल्ब टणक होईपर्यंत दाबून पाच मिनिटं थांबा आणि प्रत्येक सांध्याला कोरडं कापड लावून पाहा. कापड ओलं झालं की तिथे दोष. इंजिनाच्या आणि टाकीच्या कनेक्टरमधली छोटी ओ-रिंग झिजलेली असणं फार नेहमीचं आहे. खात्री हवी असेल तर इंजिनाच्या अगदी आधी हातभर पारदर्शक पेट्रोल पाइप तात्पुरता जोडा आणि चालत्या होडीत बघा. सतत बुडबुडे आले तर हवा मागून येते आहे. शोध संपला की तो काढून टाका, कायमचा ठेवू नका.

फिल्टर इंजिनावर असतो, बहुतेक ठिकाणी छोट्या पारदर्शक वाटीत. वाटी काढा, तळाशी पाणी किंवा तपकिरी कण दिसतात का पाहा. नव्याने बसवायचाच असेल तर पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर टाकी आणि इंजिन यांच्या मधे लावा. इथल्या दमट हवेत तो पैसे वसूल करतो.

फ्युएल पंप उघडायला सोपा असतो, पण स्क्रू मिठाने धरलेले असतात, म्हणून घाई नको. आतली पातळ पापडी उजेडात धरून बघा. भोक, सुरकुती किंवा कडकपणा दिसला तर पापडी आणि गास्केटचा संच बदला. टू-स्ट्रोकमध्ये पापडी फाटली की पंपाच्या मागच्या वाटेने पेट्रोल थेट सिलिंडरच्या खालच्या भागात जातं. मग एकाच सिलिंडरचा प्लग पुन्हा पुन्हा ओला निघतो आणि माणूस बिचारा प्लगच बदलत बसतो.

कार्ब्युरेटर सगळ्यांत शेवटी. बंद इंजिनावर त्याच्या वाटीखालचा स्क्रू उघडून पेट्रोल काचेच्या भांड्यात घ्या. पाण्याचे मणी दिसले तर आतही पाणी पोचलंय. आयडल (रेस न देता चालणं) नीट, पण वर ताकद नाही, तर मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं तोंड, तुंबला. रेस दिल्यावरच चालतं आणि आयडलला मरतं, तर आयडलचा जेट. जेट साफ करताना तार घालू नका, पितळ खरवडलं की भोकाचं माप बिघडतं. कार्ब्युरेटर क्लीनर आणि हवेचा झोत पुरे. साफसफाईत सांडलेलं पेट्रोल आणि क्लीनर डब्यात गोळा करून परत न्या. ही खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ती रामसर स्थळांच्या, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेली. याच गाळातून निवट्या आणि खेकडे निघतात, त्यांच्यावर घरं चालतात. त्यात पेट्रोलचा एक थेंबही जाऊ देऊ नका.

पेट्रोलचं स्वतःचं दुखणं

आता पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. बहुतेक आऊटबोर्डच्या पुस्तिकेत मात्र १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. ठरावीक मर्यादेपुढे पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, पेट्रोल वर तरंगतं. टाकीतली नळी तळाशीच असते, त्यामुळे इंजिनाला आधी तेच पाणी मिळतं. टू-स्ट्रोकमध्ये तर आणखी वाईट: मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं, खालच्या थरात ऑइल जवळजवळ नसतंच.

तपासायला टाकी थोडी तिरकी करून तळातून पाव लिटर पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या आणि वीस मिनिटं सावलीत ठेवा. आडवी रेघ दिसली किंवा पेट्रोल गढूळ असलं तर सगळी टाकी रिकामी करा. वरचं ओतून घेऊन वापरायची काटकसर नको. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा पाण्यात जातात तेव्हा याच कारणाने कितीतरी मशिनं रुसतात, कारण पावसाळाभर जुनं पेट्रोल टाकीत असतं. आठवडा-पंधरवड्यात संपेल एवढंच भरा. होडी बंद ठेवायची असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करून ठेवा. जुने रबरी भाग इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात, तेव्हा पाइप आणि पापडीवर नजर नेहमीपेक्षा जास्त ठेवा.

टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचं माप: पुस्तिकेत ५०:१ लिहिलं असेल तर एका लिटरला २० मिली, म्हणजे २४ लिटरच्या टाकीला ४८० मिली. टीसी-डब्ल्यू३ असं लिहिलेलं आऊटबोर्डचं ऑइल घ्या. मोटरसायकलचं टू-टी स्वस्त पडतं, पण ते हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. आउटबोर्डमध्ये त्याचा प्लगवर आणि पिस्टनच्या रिंगांवर थर बसतो.

गाळ, पिशव्या आणि तापणारं इंजिन

या खाडीची खास खोडी ही. प्लॅस्टिकची पिशवी पाणी घेणाऱ्या जाळीवर चिकटते, थंड पाणी बंद होतं, इंजिन तापतं, वेग कापला जातो. तुम्ही मशीन थांबवता, पिशवी आपोआप गळून पडते, पुन्हा चालू केलं की सगळं ठीक. किनाऱ्यावर येईपर्यंत पुरावा गेलेला असतो. म्हणून बझर वाजला की रेस खाली आणा, न्यूट्रल करा, इंजिन बंद करून वर उचला आणि जाळी बघा. न उचलता पिशवी झटकायची असेल तर क्षणभर रिव्हर्स दिल्याने कधीकधी ती सुटते.

मागून पडणारी पाण्याची पिचकारी हे चालू इंजिनाचं नाडीपरीक्षण. ती बारीक झाली तर आधी तिचं तोंड नायलॉनच्या जाड गळाच्या दोरीने मोकळं करा, गाळाने तेच बुजतं. पाण्याला हात लावा: कोमट ठीक आहे, हात मागे घ्यावा लागला तर इंजिन तापलंय. पिचकारी जोरदार आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. काही मॉडेलमध्ये ती थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) आधीच बाहेर पडते, त्यामुळे मिठाने अडकलेला थर्मोस्टॅट तिच्यावरून कळत नाही.

पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी वर ढकलणारं पात्यांचं चक्र, गाळाने लवकर झिजतो. उथळ खाडीत चालणाऱ्या मशीनचा तो वर्षातून एकदा बदलावा, दिसायला चांगला असला तरी. खालचा गिअरचा भाग साधारण चार ते सहा बोल्टवर सुटतो. नवा इम्पेलर ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी लावून, मधला दांडा घड्याळाच्या दिशेने फिरवत आत बसवा, म्हणजे सगळी पाती एकाच बाजूला वळतात. जुन्याचं एखादं पातं तुटलेलं असेल तर तो तुकडा शोधल्याशिवाय जोडू नका. तो वर जाऊन वाट अडवतो आणि नवा पंप बसवूनही मशीन तापतच राहतं. आणि इंजिन कोरडं कधीच चालवू नका. अर्ध्या मिनिटातही इम्पेलर जळू शकतो. किनाऱ्यावर चाचणी करायची तर पाण्याचं पिंप किंवा जाळीवर बसणाऱ्या रबरी वाट्या आणि नळ हवा.

ठिणगी

काम सुरू करण्याआधी पेट्रोलचा पाइप काढून टाकी दूर ठेवा, कव्हर उघडून वारा खेळू द्या. ठिणगी आणि पेट्रोलची वाफ एकत्र नकोत.

किल स्विचची लाल दोरी आणि क्लिप हलवून बघा. मीठ शिरलेला स्विच लाटेच्या धक्क्याने क्षणभर इंजिन मारतो आणि पुन्हा सोडतो. दोरी हलवल्यावर मशीन अडखळलं तर स्विच बदला. वायर काढून बायपास करून होडी चालवू नका, माणूस पाण्यात पडला तर इंजिन थांबवणारी तीच एक गोष्ट असते.

प्लग काढताना कोणता कुठल्या सिलिंडरचा ते पेन्सिलीने लिहा. फिकट तपकिरी ठीक. काळा आणि ओला म्हणजे ठिणगी नाही किंवा पेट्रोल जास्त. पांढरट, फोड आल्यासारखा म्हणजे मिश्रण पातळ किंवा इंजिन तापलेलं. प्लगच्या टोकांमधली गॅप फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पट्ट्यांनी) मोजा. पुस्तिकेत जो आकडा असेल तोच ठेवा, अनेक मॉडेलला ०.९ ते १.० मिमी असतो. नवा प्लग हाताने पूर्ण बसवून मग स्पॅनरने अर्धा फेरा, जुना असेल तर पाव फेरा. प्लगच्या टोप्या आतून हिरवट झाल्या असतील तर बदला. ठिणगी पाहताना टेस्टर वापरा आणि बाकीच्या वायरी इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा, मोकळ्या वायरीने ठिणगीची वेळ सांभाळणारं सीडीआय युनिट जळू शकतं.

उष्णतेने जाणारी कॉइल किंवा स्टेटर (इंजिनातला वीज तयार करणारा भाग) ओळखायची खूण एकच: मशीन वीस-तीस मिनिटं चालून जातं, अर्धा तास थंड होऊ दिलं की पुन्हा तेवढंच चालतं. थंड इंजिनावर मोजलं तर सगळे आकडे बरोबर येतात, म्हणून बिघडल्याबरोबर गरम असतानाच मोजायचं. हे काम मल्टिमीटर आणि पुस्तिकेतले आकडे असलेल्या मेकॅनिकला द्या. बॅटरीचं मशीन असेल तर टर्मिनल मात्र स्वतः घासून घट्ट करा. बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण १४ व्होल्ट दिसायला हवेत.

पंखा

आवाज चढून होडी मंदावली, की पंख्यावर नायलॉनची दोरी, जाळ्याचा तुकडा किंवा पिशवी अडकली आहे का ते इंजिन बंद करून, किल स्विचची क्लिप काढूनच बघा. काही नसेल तर पंख्याच्या आतला रबरी बुश घसरत असू शकतो. कळायला सोपं आहे: पंख्याच्या आतल्या पितळी नळीवर आणि बाहेरच्या भागावर मिळून एक सरळ रेघ पक्क्या रंगाने ओढा, मग पूर्ण रेसवर चालवून या. रेघ तुटून दोन्ही तुकडे सरकले, तर बुश गेला. लहान मशीनमध्ये बुशऐवजी साधी पिन असते. ती आणि कॉटर पिन नेहमी सोबत ठेवा.

दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर होडी पाण्यात घालून चालवा. पिंपात पंख्यावर भार नसतो, त्यामुळे तिथे पास झालेलं मशीन खाडीत पुन्हा नापास होतं. नेहमीएवढी माणसं आणि सामान घेऊन वीस मिनिटं पूर्ण रेसवर चालवा. फ्लेमिंगो उतरलेल्या चिखलाजवळ मात्र नको, ते उडाले की त्यांचं खाणं थांबतं. खोल वाहत्या भागात चालवा. परत आल्यावर दहा मिनिटं गोड्या पाण्याने धुवा.

तरीही सापडलं नाही तर मेकॅनिकला ‘मशीन बंद पडतं’ एवढंच सांगू नका. वहीतली ओळ वाचून दाखवा: ‘पूर्ण रेसवर, १८ मिनिटांनी, हळूहळू, बल्ब दाबल्यावर सावरलं, बल्ब चपटा नव्हता, झाकण उघडून फरक नाही, पिचकारी कोमट, दोन्ही प्लग फिकट.’ एवढं ऐकलेला माणूस कॉइलला हात न लावता फ्युएल पंप उघडेल.